पिशवीतली बिअर: एका पातेल्यात, थेट धान्यापासून

माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याची, भरड गरम पाण्यात भिजवायची, तिच्यातला गोडवा पाण्यात उतरू द्यायचा आणि मग ते गोड पाणी चोथ्यापासून वेगळं करायचं. धान्यापासून बिअर बनवताना पहिलं काम हेच. यातलं भिजवणं सोपं, वेगळं करणं अवघड. मोठ्या ब्रूअरीत आणि जुन्या घरगुती पद्धतीतही गाळण्याचं काम बार्लीच्या सालपटांवर सोपवलेलं असतं. भांड्याच्या तळाशी जाळी असते, तिच्यावर सालपटांचा थर बसतो आणि त्या थरातून द्रव हळूहळू झिरपतो. थर नीट बसायचा तर सालपटं शाबूत राहायला हवीत, म्हणून दळण जाडसर ठेवावं लागतं. थरात बरीच साखर अडकून राहते, म्हणून वरून पुन्हा गरम पाणी सोडून ती धुऊन काढावी लागते. त्या पाण्यासाठी एक वेगळं भांडं आणि खाली जमणारा द्रव उकळायला आणखी एक. शिवाय थर दाबला गेला की झिरपणंच थांबतं आणि सगळं काम अडून बसतं.

पिशवीच्या पद्धतीत गाळण्याची जबाबदारी सालपटांकडून काढून कापडाला दिली आहे. एका मोठ्या पातेल्यात सगळं पाणी, पाण्यात जाळीदार पिशवी, पिशवीत माल्ट. तासाभराने पिशवी उचलली की चोथा बाहेर आणि गोड पाणी पातेल्यात. या गोड पाण्याला वर्ट म्हणतात. त्याच पातेल्यात ते उकळायचं. ऑस्ट्रेलियातल्या घरगुती ब्रूअर मंडळींनी या शतकाच्या पहिल्या दशकात ही पद्धत रुजवली आणि तिथून ती जगभर गेली.

गाळणी बदलली की दळण बदलतं, पाण्याचा हिशोब बदलतो, तापमान सांभाळायची रीतही बदलते. जुन्या पद्धतीचे नियम इथे जसेच्या तसे लावले तर बिअर पातळ होते किंवा तुरट. त्यामुळे खाली प्रत्येक टप्प्यावर काय करायचं याबरोबर ते का करायचं हेही सांगितलं आहे.

सुरुवातीला एक गोष्ट पाहून घ्या. घरी बिअर बनवण्याचे कायदे ठिकठिकाणी वेगळे आहेत. कुठे मुभा असते, कुठे परवाना लागतो, कुठे सरळ बंदी असते.

काय काय लागतं

इथली सगळी मापं १० लिटर बिअरची आहेत. पहिल्यांदा हा आकार उत्तम, कारण ओल्या चोथ्याची पिशवी एका माणसाला उचलता येते. दुप्पट प्रमाणाला वर कप्पी किंवा भक्कम हूक लागतो.

पेल एल या साध्या, मध्यम कडवट, फिकट माल्टच्या बिअरसाठी २.२ किलो पेल माल्ट, १५० ग्रॅम मध्यम रंगाचा क्रिस्टल माल्ट आणि १५० ग्रॅम गव्हाचा माल्ट घ्या. एकूण अडीच किलो. क्रिस्टलने रंग आणि किंचित कॅरॅमलसारखी चव येते, गव्हाने फेस टिकतो. हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुलं; ६ टक्के अल्फा आम्ल (कडवटपणा देणारा घटक) असलेले ४८ ग्रॅम. कॅस्केड ही जात चांगली आणि चुकायला अवघड. एल जातीचं कोरडं यीस्ट ५ ते ६ ग्रॅम, म्हणजे ११.५ ग्रॅमच्या नेहमीच्या पाकिटातलं अर्धं.

पातेलं २५ लिटरचं घ्या. १६ लिटर पाणी आणि त्यात बुडालेलं अडीच किलो धान्य मिळून पावणेअठरा लिटर होतात. २० लिटरच्या पातेल्यात ते मावतं, पण ढवळताना सांडतं आणि उकळताना उतू जातं.

पिशवीसाठी पडद्याला वापरतात तसं पारदर्शक, बारीक जाळीचं पॉलिएस्टर कापड सगळ्यात चांगलं. सुती मलमल घेऊ नका. सुती धागा पाणी पिऊन फुगतो, छिद्रं बुजतात, निथळायला वेळ लागतो आणि नीट वाळलं नाही तर बुरशी धरतो. पिशवी इतकी मोठी शिवा की अख्खं पातेलं तिच्यात बसेल. लहान पिशवीत धान्य गच्च दाबलं जातं, पाणी मधोमध पोचत नाही आणि साखर आतच राहते. तळावरून दोन पट्टे आडवेउभे शिवून वर बंद काढले तर सगळा भार शिवणीवर येत नाही. पातेल्याच्या तळाशी भोकं असलेली स्टीलची ताटली पालथी ठेवा. खाली आच असताना कापड तळाला टेकलं तर करपतं, भोक पडतं आणि चोथा वर्टमध्ये येतो.

याशिवाय भरवशाचा थर्मामीटर, द्रवातल्या साखरेचा अंदाज देणारा घनतामापक म्हणजे हायड्रोमीटर, एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी झडप) लावलेला १३ ते १५ लिटरचा फर्मेंटर, म्हणजे बिअर आंबवायचं भांडं, आणि धुवावं न लागणारं सॅनिटायझर हवं. थर्मामीटर वितळत्या बर्फात शून्य दाखवतो का ते आधी तपासा. दोन अंशांची चूकसुद्धा या कामात मोठी असते.

दळण

कापड गाळत असल्याने सालपटं शाबूत ठेवायची सक्ती उरली नाही. म्हणून इथे दळण नेहमीपेक्षा बारीक ठेवा. रोलर असलेल्या गिरणीत एरवी रोलरमधलं अंतर १ मिलिमीटरच्या आसपास असतं, पिशवीसाठी ०.७ ते ०.८ करा. गिरणी दुसऱ्याची असेल आणि अंतर बदलता येत नसेल तर माल्ट दोनदा दळून घ्या.

बारीक दळणाचं महत्त्व पुष्कळ जणांच्या लक्षात येत नाही. या पद्धतीत चोथा वरून धुतला जात नाही, त्यामुळे थोडी साखर त्यात राहून जाते. ही तूट बारीक दळण भरून काढतं. कण जितका लहान तितकं पाणी लवकर आत शिरतं आणि स्टार्च पूर्ण बाहेर येतं. बिअर हलकी झाली अशी तक्रार येते तेव्हा दहातल्या आठ वेळा कारण दळणात सापडतं.

मूठभर दळण पांढऱ्या कागदावर पसरून बघा. एकही अख्खा दाणा दिसता कामा नये. प्रत्येक दाण्याचे पाच-सहा तुकडे, काही सालपटं आणि थोडं पीठ, असं मिश्रण बरोबर. सगळंच पीठ झालं तर मात्र पाण्यात गुठळ्या होतात, कापड बुजतं आणि फर्मेंटरमध्ये गाळ वाढतो. मिक्सरमध्ये दळायचं असेल तर थोडं थोडं घ्या आणि क्षणभर फिरवून थांबत जा.

दळण्याची जागा फर्मेंटरपासून लांब ठेवा. धान्याच्या धुळीत आंबटपणा आणणारे जिवाणू असतात.

पाणी किती आणि कसं

सगळं पाणी एकदाच घालायचं असल्याने आकडा आधीच बरोबर काढावा लागतो. हिशोब शेवटाकडून मागे करायचा. फर्मेंटरमध्ये हवेत १० लिटर. उकळून झाल्यावर पातेल्याच्या तळाशी हॉप्सचा आणि प्रथिनांचा साका राहतो, तो १ लिटर. तासाभराच्या उकळीत वाफ होऊन जातं साधारण ३ लिटर. पिळून घेतलेला चोथाही किलोमागे सुमारे ०.८ लिटर धरून ठेवतो, म्हणजे अडीच किलोला २ लिटर. बेरीज १६ लिटर.

वाफेचा आकडा प्रत्येक पातेल्याचा वेगळा असतो. रुंद तोंडाच्या पातेल्यातून जास्त जातं, उभट पातेल्यातून कमी. एकदा १२ लिटर साधं पाणी मोजून घ्या, तासभर खळखळ उकळा, थंड झाल्यावर परत मोजा. हा एक प्रयोग पुढच्या सगळ्या खेपांना उपयोगी पडतो. मापताना लक्षात ठेवा: उकळतं पाणी थंड पाण्यापेक्षा सुमारे ४ टक्के फुगलेलं असतं. थंड ११ लिटर हवे असतील तर उकळी बंद करताना पातेल्यातली खूण जवळपास साडेअकरा दाखवेल.

नळाच्या पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन असतं. ते माल्टमधल्या फिनॉलशी जुळलं की बिअरला औषधाचा, चिकटपट्टीसारखा वास येतो आणि तो नंतर कशानेही जात नाही. साधं क्लोरीन उकळून उडतं, क्लोरामाइन सहज उडत नाही. त्यावर उपाय म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. कॅम्पडेन नावाने मिळणारी त्याची एक गोळी ७५ लिटरला पुरते, त्यामुळे १६ लिटरला पाव गोळी चुरून टाका आणि ढवळा. काही मिनिटांत काम होतं.

आता पीएच. मॅशचा, म्हणजे गरम पाण्यात भिजत असलेल्या माल्टचा, पीएच ५.२ ते ५.६ मध्ये असला की स्टार्चची साखर करणारे एन्झाइम नीट काम करतात आणि सालपटांतला तुरटपणा बाहेर येत नाही. माल्ट स्वतः पाण्याचा पीएच खाली आणतो. पाण्यातलं बायकार्बोनेट तो वर ओढतं. जुन्या पद्धतीत निम्मं-अधिक पाणी नंतर येतं, इथे सगळं पाणी सुरुवातीपासून त्याच अडीच किलो धान्यावर पडतं. म्हणजे जड पाणी असेल तर बायकार्बोनेटचा जोर जवळपास दुप्पट होतो. फिकट रंगाच्या बिअरमध्ये हा त्रास हमखास दिसतो आणि चव सपाट, घशाशी कोरडी लागते.

उपाय दोन आहेत. पाणी जड असेल तर लॅक्टिक आम्ल अर्धा-अर्धा मिलिलिटर टाकत पीएच मोजत जा. मोजताना नमुना थंड करूनच मोजा. किंवा आम्लयुक्त माल्ट वापरा. एकूण धान्याच्या १ टक्का, म्हणजे इथे २५ ग्रॅम टाकला की पीएच साधारण ०.१ ने उतरतो. आरओचं पाणी वापरत असाल तर बायकार्बोनेटची काळजी नाही, पण त्यात कॅल्शियमही नसतं. १६ लिटरला खाण्यायोग्य दर्जाचं ३ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड टाकलं की कॅल्शियम लिटरला सुमारे ५० मिलिग्रॅम होतं, आणि ते पुरेसं आहे. पीएच मोजायचं साधन नसेल तर पहिल्या खेपेला हाच मार्ग धरा.

६६ अंश

बार्लीला मोड आणून वाळवलं की माल्ट होतं. मोड येताना दाण्यात एन्झाइम तयार होतात, आणि गरम पाण्यात तेच एन्झाइम दाण्यातल्या स्टार्चची साखर करतात. इथे दोन एन्झाइम महत्त्वाचे. अल्फा अमायलेज स्टार्चची लांब साखळी मध्येच, जिथे सापडेल तिथे तोडतं. बीटा अमायलेज टोकाला बसून दोन-दोन कड्यांचे तुकडे कापत जातं. हा तुकडा म्हणजे माल्टोज, यीस्टचं आवडतं खाद्य. अल्फाने साखळी तोडली की बीटाला नवी टोकं मिळतात.

अडचण अशी की दोघांना वेगवेगळं तापमान मानवतं. बीटा ६० ते ६५ अंशांत रमतं आणि त्याच्या वर लवकर निकामी होतं. अल्फा ६८ ते ७२ मध्ये जोरात चालतं. ६३-६४ अंशांना मॅश केलं तर बहुतेक सगळी साखर यीस्टला खाता येण्याजोगी होते. बिअर कोरडी आणि हलकी लागते. ६८-६९ ला केलं तर यीस्टला न पचणाऱ्या लांब साखळ्या उरतात; बिअर भरीव, किंचित गोडसर. ६६ हा मधला आकडा या पेल एलला बरोबर बसतो. या दोन-तीन अंशांवर बिअर कशी लागणार ते ठरतं, म्हणून थर्मामीटरबद्दल इतका आग्रह.

धान्य थंड असल्याने ते घातल्यावर पाणी उतरतं. धान्य २२ अंशांच्या आसपास असेल आणि पाणी वरच्या प्रमाणात असेल तर पाणी ६९ अंशांवर न्या. पिशवी कडेला दुमडून क्लिपांनी अडकवा, आच बंद करा आणि मग एका हाताने धान्य सोडत, दुसऱ्या हाताने ढवळत राहा. घाई इथे नडते. एकदम ओतलं की लिंबाएवढ्या गुठळ्या होतात. एखादी गुठळी चमच्याने कडेला दाबून फोडून बघा: बाहेरून ओली, चिकट आणि आत कोरडं पांढरं पीठ. त्या पिठातली साखर तुम्हाला कधीच मिळणार नाही. म्हणून दोन-तीन मिनिटं पार तळापासून ढवळा आणि मग मधे, कडेला, खाली अशा तीन ठिकाणी तापमान घ्या. तिन्हींत फरक असेल तर ढवळणं अपुरं झालं आहे.

६६ आलं की झाकण लावून पातेलं जाड ब्लँकेटमध्ये गुंडाळा. गॅस आणि आसपासची भांडी पूर्ण निवलेली असू द्या. तासाभरात एक-दोन अंश उतरले तर बिघडत नाही, कारण बरंचसं काम पहिल्या अर्ध्या तासात झालेलं असतं. त्यापेक्षा जास्त उतरलं तर पिशवी तळापासून वर उचलून धरा, मंद आच द्या आणि सतत ढवळा. पिशवी खाली टेकलेली असताना आच दिली तर वरचा थर्मामीटर ६६ दाखवतो आणि तळाशी ८० अंश झालेले असतात. तिथले एन्झाइम कायमचे संपतात. मधे एकदा, तिसाव्या मिनिटाला, झाकण उघडून ढवळा. थोडी उष्णता जाते, पण साखर जास्त उतरते.

तास झाल्यावर स्टार्च संपलं का, हे आयोडीन सांगतं. पांढऱ्या बशीत वर्टचा एक थेंब घ्या, शेजारून आयोडीनचा थेंब त्यात मिसळू द्या. रंग पिवळसर-तपकिरी राहिला तर काम झालं. निळा-काळा झाला तर स्टार्च शिल्लक आहे, आणखी १५ मिनिटं द्या. थेंबात सालपटाचा कण येऊ देऊ नका, तो नेहमीच काळा पडतो. बशीतलं टाकून द्या, पातेल्यात परत घालू नका.

मॅश संपवताना तापमान ७६ अंशांवर नेऊन दहा मिनिटं ठेवलं तर वर्ट पातळ होऊन लवकर निथळतं. हे ऐच्छिक आहे. केलंत तर पिशवी वर धरूनच करा आणि ७७ च्या पुढे जाऊ नका.

पिशवी उचलताना

पिशवी हळूहळू, पीळ देत उचला. ओला चोथा सुरुवातीला सहज पाच-सहा किलो भरतो आणि त्यातून ६६ अंशांचं चिकट पाणी गळत असतं, म्हणून उष्णता अडवणारे रबरी हातमोजे घाला. पातेल्यावर स्टीलची मोठी चाळणी किंवा जाळी आडवी ठेवून पिशवी तिच्यावर टेकवा आणि दहा-पंधरा मिनिटं निथळू द्या. मग झाकणाने दाबा, पिळा, हवी तेवढी पिळा.

पिळल्याने तुरटपणा येतो असं अजूनही ऐकू येतं. सालपटांतलं टॅनिन दाबाने बाहेर येत नाही, पीएच ५.८-६ च्या वर आणि तापमान ७७ च्या वर गेलं की येतं. पीएच ताब्यात असेल तर निःशंक पिळा. पिळण्याने लिटरभर वर्ट जास्त मिळतं.

आता पातेल्यात सुमारे १४ लिटर वर्ट हवं. थोडं वर्ट काढून २० अंशांपर्यंत थंड करा आणि हायड्रोमीटर सोडा. गरम वर्टमध्ये घेतलेलं माप खोटं असतं. १.०३७ ते १.०३८ आलं म्हणजे माल्टमधली सुमारे ७० टक्के साखर तुमच्या हाती आली, पिशवीच्या पद्धतीला हा चांगला आकडा आहे. १.०३३ च्या आसपास अडकलात तर आधी दळणावर संशय घ्या, मग गुठळ्यांवर, मग थर्मामीटरवर, मग पीएचवर, याच क्रमाने. त्या दिवशीची बिअर वाचवायची असेल तर जास्त उकळून आटवा: बिअर साडेआठ लिटरच्या आसपास उरेल, पण ताकद ठरल्याप्रमाणे मिळेल.

उकळी

उकळीचं काम सरळ आहे, पण पहिली दहा मिनिटं पातेल्यापासून हलू नका. उकळी फुटण्याआधी वर दाट, पिवळसर फेस जमतो, शांत दिसतो आणि मग काही सेकंदांत काठावर चढतो. तो दिसला की आच कमी करा, ढवळा, पाण्याचा फवारा मारा. हा फेस बसला की पुढे तास निवांत जातो. प्रथिनांचे अंड्याच्या सुपासारखे तुकडे तरंगताना दिसतात. ते चांगलं लक्षण आहे.

फेस बसल्यावर १८ ग्रॅम हॉप्स घाला आणि तिथून ६० मिनिटं मोजा. हॉप्समधलं अल्फा आम्ल मुळात फारसं विरघळत नाही. उकळीत त्याची रचना बदलते आणि मगच कडवटपणा येतो, त्याला हा वेळ लागतो. शेवटची दहा मिनिटं राहिली की १५ ग्रॅम आणि आच बंद करताच उरलेले १५ ग्रॅम. हे चवीला आणि सुगंधाला. एकूण कडवटपणा ३० आयबीयूच्या (कडवटपणा मोजायचं एकक) आसपास येतो. तुमच्या हॉप्सच्या पाकिटावर ९ टक्के अल्फा लिहिलं असेल तर पहिले १८ नाही, १२ ग्रॅम घाला. पंधरा मिनिटं उरली असताना पाव चमचा आयरिश मॉस (वाळवलेलं समुद्री शेवाळ) घातलं तर बिअर लवकर निवळते.

झाकण पूर्ण लावू नका. माल्टमधून डायमिथाइल सल्फाइड तयार होत असतं, त्याला उकडलेल्या मक्याच्या दाण्यांसारखा वास असतो आणि तो वाफेबरोबर जायला हवा. पेल माल्टऐवजी पिल्सनर माल्ट वापरलात तर त्यात हे जास्त असतं, तेव्हा ९० मिनिटं उकळा आणि सुरुवातीचं पाणी दीड लिटरने वाढवा.

थंड करणं आणि यीस्ट

आच बंद झाली की नियम बदलतो. आतापर्यंत उकळीने सगळं मारलं होतं, इथून पुढे वर्टला लागणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक हवी: चमचा, नळी, फर्मेंटर, झाकण, एअरलॉक, यीस्टचं पाकीट कापायची कात्रीसुद्धा. आधी घासून स्वच्छ करायचं आणि मग सॅनिटायझर लावायचं. मळावर सॅनिटायझर चालत नाही.

वर्टचं पातेलं बर्फाच्या पाण्याच्या टबात ठेवून, पाणी बदलत, अर्ध्या-पाऊण तासात २० अंशांवर येतं. आतून थंड पाणी खेळवायचं तांब्याच्या नळीचं वेटोळं असेल तर उकळी संपायच्या पंधरा मिनिटं आधी ते पातेल्यात सोडा, म्हणजे ते तिथेच निर्जंतुक होतं. थंड वर्ट फर्मेंटरमध्ये उंचावरून ओता, साका मागे ठेवा. हायड्रोमीटर आता १.०४८ च्या आसपास दाखवेल. हा आकडा तारखेसकट लिहून ठेवा.

यीस्ट वरून शिंपडा आणि फर्मेंटर १८ ते २० अंशांना, अंधारात ठेवा. यीस्ट काम करताना स्वतः उष्णता सोडतं. खोली २० अंश असली तरी पहिल्या दोन-तीन दिवसांत आतलं द्रव २२-२३ ला जातं. त्याच्याही वर गेलं तर जड अल्कोहोल तयार होतात, बिअर घशाला जळजळते आणि सॉल्व्हंटसारखा वास येतो. फर्मेंटर पाण्याच्या टबात ठेवून त्यावर ओलं कापड गुंडाळलं आणि पंखा लावला तर काही अंश उतरतात. हवा गरम असेल तर टबात गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या सोडा. पहिले तीन दिवस सगळ्यात जास्त जपा. बहुतेक नको त्या चवी तेव्हाच तयार होतात.

एअरलॉकमध्ये बुडबुडे थांबले म्हणजे बिअर झाली, असं समजू नका. झाकण जरा सैल असलं तरी बुडबुडे येत नाहीत, आणि हवामान बदललं तरी उगाच येतात. दहाव्या दिवशी हायड्रोमीटरने माप घ्या, तीन दिवसांनी परत घ्या. दोन्ही वेळा १.०१० ते १.०१२ मधला तोच आकडा आला तर झालं. सुरुवातीच्या मापातून शेवटचं वजा करून १३१.२५ ने गुणलं की अल्कोहोलची टक्केवारी मिळते: १.०४८ मधून १.०११ गेले, ०.०३७ उरले, म्हणजे ४.९ टक्क्यांच्या जवळपास.

मापासाठी काढलेला नमुना चाखून पाहा. हिरव्या सफरचंदाची किंवा लोण्यासारखी चव लागली तर यीस्टचं आवरून झालेलं नाही. दोन अंश उबेला आणखी चार-पाच दिवस ठेवलं की यीस्ट स्वतःच ती खाऊन टाकतं. आंबटपणा मात्र जात नाही, तो स्वच्छतेत राहिलेल्या चुकीचा असतो.

बाटल्या

बिअरला फेस बाटलीत येतो, उरलेल्या यीस्टला थोडी साखर देऊन. लिटरला ६ ग्रॅम साधी साखर, म्हणजे १० लिटरला ६० ग्रॅम, वाटीभर पाण्यात उकळून थंड करा. निर्जंतुक भांड्यात ती आधी ओता आणि नळीने बिअर तिच्यावर सोडा, नळीचं टोक तळाशी बुडालेलं ठेवून. या टप्प्यावर बिअर खळबळली आणि हवा मिसळली तर महिन्याभरात ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. सुरुवातीला वर्ट उंचावरून ओतलं होतं कारण यीस्टला ऑक्सिजन हवा होता; आता तोच नको आहे.

बाटल्या बिअरच्याच, जाड काचेच्या आणि तपकिरी घ्या. पातळ काचेची सरबताची बाटली दाबाने फुटते आणि काचा लांबवर उडतात. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेतून उजेड शिरला की हॉप्समधल्या घटकांपासून उग्र दर्प येणारं संयुग तयार होतं. साखर चमच्याने नाही, वजनकाट्यावरच मोजा आणि आंबणं पूर्ण झाल्याची खात्री नसेल तर बाटलीत भरू नका. वर अडीच-तीन सेंटिमीटर जागा सोडून बूच लावा.

भरलेल्या बाटल्या २० अंशांच्या आसपास, अंधारात, झाकण असलेल्या खोक्यात उभ्या ठेवा. दोन आठवड्यांनी एक बाटली २४ तास फ्रिजमध्ये ठेवून उघडा. थंड असताना वायू द्रवात नीट मुरतो, कोमट बाटली उघडली तर फेस उसळून निम्मी बिअर बाहेर जाते. फेस कमी वाटला तर बाकीच्या बाटल्या एकदा उलटसुलट करून तळाचं यीस्ट हलवा, दोन-तीन अंश उबेच्या जागी न्या आणि आठवड्याने दुसरी उघडून पाहा. ओतताना बाटली एकाच झोकात तिरकी करा आणि तळाचा पांढरट थर तोंडाशी आला की थांबा.